लाल आकड्याखालची तिथी

आमच्या घरात माझ्या एका सवयीची यथेच्छ टिंगल होते. कुणी फोनवर म्हणालं, "पुढच्या रविवारी जेवायला या," की मी हो म्हणायच्या आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जाते, चष्मा कपाळावरून खाली घेते आणि आकड्याखालची बारीक अक्षरं वाचते. नवरा आतून ओरडतो, "थांबा, ती समुद्राला विचारून सांगते." नव्या ओळखीच्या माणसांना वाटतं, बाई फार देवधर्माची आहे. तसं काही नाही. चतुर्थी कधी येते आणि कधी जाते याचा मला पत्ता नसतो. मला फक्त अवस आणि पुनव कुठं पडली ते बघायचं असतं. ते बघितल्याशिवाय कुणाला कुठलाही दिवस दिला, तर माझा जीव खालीवर होत राहतो. ही सवय मला एका रविवारनं लावली.

तेव्हा मी पेणेला एका साप्ताहिकाच्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे. छापखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल, जुन्या अंकांचे गठ्ठे आणि मालक-संपादक. ते पूर्वी शाळेत शिकवायचे, त्यामुळे सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. मागच्या खोलीत खिळ्यांची खणाखणांची लाकडी पेटी, पायानं चालवायचं ट्रेडल मशीन आणि मी. मधल्या दिवसांत लग्नपत्रिका छापायच्या, गणपतीच्या कारखान्यांची बिलबुकं छापायची, दिवाळीच्या आधी एका किराणा दुकानाची कॅलेंडरं छापायची. शुक्रवारी अंक. अंकांचे गठ्ठे मीच बांधायचे आणि रामवाडीच्या डेपोत नेऊन एस.टी.च्या कंडक्टरच्या हवाली करायचे. एक गठ्ठा नागोठण्याला उतरायचा, एक कोलाडला नाक्यावरच्या हॉटेलात आणि सगळ्यात मोठा रोह्याला. एका जागी बसून राहणं मला लहानपणापासून जमत नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. त्यामुळे डेपोत जायचं काम मी कुणाला करू दिलं नाही.

मी खाडीकाठची. आमचं गाव पेणेपासून फार लांब नाही, पण पावसाळ्यात लांब होतं. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि पलीकडे खाडी. मधे मातीचा बांध. तो बांध आहे म्हणून गाव आहे. उधाणाला खाडीचं पाणी बांधाला टेकतं, आणि कुठं खेकड्याचं बीळ असलं, कुठं माती ढिली असली तर तिथून फुटतं. त्या भगदाडाला आमच्याकडे खांड म्हणतात. एकदा खारं पाणी खाचरात शिरलं की त्या वर्षाचं भात गेलंच, आणि पुढची दोन वर्षंही जमीन रुसलेली असते. म्हणून दर अवसेला आणि पुनवेला, पाणी चढायच्या आत, घरटी एक माणूस बांधावर उभा राहिलाच पाहिजे, अशी रीत. कुणाची जमीन किती, हे तिथं कुणी विचारत नाही. ज्याला गुंठाभरही नाही त्याच्या घरचाही माणूस येतो. एखाद्या घरचं कुणी आलं नाही तर त्याला कुणी रागवत नाही, उलट संध्याकाळी चौकशीला जातात, घरात कोण आजारी आहे का म्हणून.

साप्ताहिकात "बांधाची खबर" नावाचं सदर मी लिहायचे, बिननावाचं. ते मला मिळालं माझ्या आगाऊपणामुळे. नोकरीला लागून चारच महिने झाले होते. एकानं पेणेत बसून बातमी लिहिली होती की आमच्या शेजारच्या गावचा बांध फुटला, पण पाणी ओसरल्यामुळे नुकसान टळले. खिळे जुळवता जुळवता माझं डोकं फिरलं. खारं पाणी ओसरलं म्हणून नुकसान कसं टळेल? मी बातमी परस्पर बदलली आणि खांड नेमकी कुठं पडली, किती घरांची रोपं जळणार, ते जुळवून टाकलं. मास्तरांनी प्रूफ बघितलं आणि खुर्चीतून उठून मागच्या खोलीत आले.

"हे कुणी लिहिलं?"

"मी. पहिलं खोटं होतं."

ते बराच वेळ रागावले. कुणाच्या मजकुराला न विचारता हात लावायचा नाही, हे त्यांनी मला तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. मग दाराशी जाऊन थांबले आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यापासून तूच लिही."

खबर आणायचे माझे बाबा. आठवड्यातून एकदा ते पेणेला बाजाराला यायचे आणि छापखान्याच्या पायरीवर बसून मला सांगायचे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण खाडीच्या मुखापासून आतपर्यंत सगळ्या गावांचे बांध त्यांना पाठ होते. सांगायचे ते त्याच क्रमानं. मी एकदा मोठी खांड आधी आणि बारीक मागून असं लिहिलं, तर पुढच्या बाजारी त्यांनी माझे कान टोचले. "बांध जसा चालतो तसं लिव. वाकडंतिकडं लिवलंस तर मानसाला आपलं गाव घावनार नाय." तेव्हापासून मी बांध चालतो तसं लिहायला लागले. सोमवारी बांधदुरुस्तीच्या खात्याची सरकारी जीप बांधावर यायची, आणि साहेबाच्या हातात आमचा अंक घडी घातलेला असायचा. गावात अंक एकच जायचा. तो देवळाच्या ओट्यावर मोठ्यानं वाचला जायचा आणि साठ घरं ऐकायची. याचा मला जो अभिमान होता तो मी लपवायचे नाही.

मग मास्तरांची नजर गेली. एकाएकी नाही, पण एका वर्षात ते प्रूफ नाकाला लावून वाचायला लागले आणि पुढच्या वर्षी मला वाचून दाखवायला सांगू लागले. त्यांचा मुलगा परगावी, त्याला छापखान्यात रस नव्हता. आणि साप्ताहिकाला गिऱ्हाईक चालून आलं. रोह्याकडचा एक ठेकेदार. मातीकामाची कामं घेणारा, ट्रक असलेला, बोलायला अतिशय गोड माणूस. आल्या आल्या त्यानं माझ्या हातचा चहा मागून घेतला आणि सदर आवडतं म्हणाला. मला त्याचा राग यावा असं त्यानं काही केलं नाही, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला. कारण मला ठाऊक होतं की तो आमच्याच खाडीवर दोन गावांत खारी जमीन विकत घेत होता. रीतसर, भाव देऊन. पण ज्याला जमीन घ्यायची आहे, त्याच्याच हातात बांध फुटल्याची खबर छापायची की नाही हे ठरवणं जाणार होतं. बांधाची खबर छापली नाही तर जीप येणार नाही, जीप आली नाही तर खांड तशीच राहील, आणि दोन वर्षं भात आलं नाही तर माणूस जमीन विकायला काढेलच. यात कुणी कुणाला फसवत नाही. नुसतं गप्प बसायचं.

हे मी मास्तरांना एका दमात सांगितलं. ते म्हणाले, "मला एकट्याला तसंही विकता येणार नाही. हे मशीन घेतलं तेव्हा लोकांनी हातभार लावलाय. कुणी भाताचं पोतं आणून टाकलं, तुमच्या गावानं मीठ दिलं. त्यांना विचारतो."

"म्हणजे वर्गणीदारांची सभा?"

"वर्गणीदार कशाला? तुमच्याकडे वर्गणीदार एक आणि ऐकणारे साठ. ऐकतो तोही वाचकच. तुमची बांधाची रीत आहे ना, घरटी एक? तेच धरू. ज्या घरात अंक वाचला किंवा ऐकला जातो, त्या घरचा एक माणूस, एक हात. साप्ताहिक विकायचं, की वाचकांचं मंडळ करून चालवायचं, ते हात सांगतील. मी मान्य करीन."

मला अक्षरशः नाचावंसं वाटलं. आमचं एक गाव आलं तरी साठ हात. खाडीवरची चार गावं आली तर ठेकेदाराच्या ट्रकभर माणसांनाही ते पुरून उरले असते. आणि आमची गावं येणारच होती. त्यात काय विचारायचं? ती आमचीच होती.

काळजी होती रोह्याची. रोह्याचे वाचक आमच्यावर वर्षानुवर्षं नाराज. त्यांच्यासाठी मी तीन आठवड्यांत पाच वेळा रोह्याला गेले. शुक्रवारी गठ्ठ्याबरोबर, एरवी रिकाम्या हातानं मी एस.टी.त बसायचे, नागोठण्याला आंबा नदीचं गढूळ पाणी पुलावरून बघत पुढे जायचे, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. वाचनालयात आठ-दहा जण जमायचे. त्यांत कारखान्यात शिफ्ट करणारा एक कामगार होता, तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "तुमच्या पेपरात रोहा म्हणजे शेवटचं पान, आणि त्यावर पण अर्धी जाहिरात. पेणेचा चिखल वाचायला आम्ही का यायचं सभेला?"

"चिखल पेणेचा नाय, खाडीचा आहे," मी म्हटलं. "आणि आज आमची खबर दाबता येते, तर उद्या तुमच्या कारखान्यात काही झालं तर ती कोण छापणार आहे?"

"आज तरी कुठं छापता?"

तिथं एक निवृत्त शिक्षिका होत्या, गोल चेहऱ्याच्या, बोलायला काटेकोर. त्या म्हणाल्या, "तो म्हणतो ते खरं आहे. पण मंडळात रोह्याचे दोघे घेणार असाल आणि पान आम्ही ठरवणार असू, तर मी माणसं घेऊन येते. फक्त रविवार पाहिजे. आणि सकाळी. दुपारी दोनची शिफ्ट असते यांची."

"रविवार. सकाळी अकरा," मी तिथल्या तिथं शब्द देऊन टाकला. परतीच्या गाडीत मला खिडकीपाशी जागा मिळाली होती, तरी मी कोलाडपासून उभीच होते. बसवतच नव्हतं. इतकी मी खूश होते.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी विचारलं, "कुठला रविवार?" मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. ते आम्हीच छापलेलं, किराणा दुकानाचं. पावसाळा लागून महिना होत आला होता. शेवटचा रविवार रोह्याला ठीक, शाळेचा हॉल रिकामा, मास्तरांनाही चालेल. मी लाल आकड्यावर बोट ठेवलं. नोटीस मी स्वतः जुळवली, आमच्याकडच्या सगळ्यात मोठ्या टायपात. "घरटी एक माणूस, एक हात" ही ओळ मध्यभागी. तिच्यावर मी इतकी लुब्ध होते की शाई लावून दोन प्रूफं काढली आणि एक स्वतःसाठी ठेवलं. नोटीस अंकात गेली, गावोगाव गेली. रोह्याच्या धावपळीत मी तीन आठवडे घरी गेले नव्हते, पेणेतच मैत्रिणीकडे राहत होते. बाबाही लावणीच्या गडबडीत बाजाराला आले नाहीत. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

रविवारी साडेदहापासून मी शाळेच्या दारात उभी. पेणेचे वाचक आले. ठेकेदार आला, पांढऱ्या शर्टात, चारपाच गाड्या भरून ओळखीपाळखीची माणसं घेऊन. त्यांची घरंही वाचकांचीच होती, त्यात लबाडी नव्हती. अकराला पाच कमी असताना रोह्याची शिक्षिका आली, मागे तीसेक माणसं. मी सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त. त्या कामगारानं मला हात केला. आणि खाडीकडून कुणीही नाही.

सभा सुरू झाली. मास्तर बोलले, नेहमीसारखे थोडक्यात. मग ठेकेदार. तो म्हणाला, नवीन मशीन आणीन, कुणाची नोकरी जाणार नाही, रोह्याला पूर्ण पान देईन. रोह्याच्या रांगेत कुजबूज झाली. माझी पाळी आली तेव्हा मी दारातून धावत येऊन काहीतरी बोलले आणि परत दाराशी गेले. काय बोलले ते आठवत नाही. एवढं आठवतं की मी सारखी रस्त्याकडे बघत होते. मास्तरांनी दोनदा विचारलं, "आले का गं तुमचे?" मी दोनदा म्हटलं, "येतायत." साडेअकरा झाले. पावणेबारा झाले. मी पुढच्या दारातून मागच्या दारात, मागच्या दारातून पुढच्या दारात अशा येरझारा घालत होते आणि मनातल्या मनात गावाला शिव्या देत होते. एरवी ओट्यावर बसून गप्पा मारतात, आज एक दिवस येता येत नाही.

मागच्या दारात मी चौथ्यांदा गेले तेव्हा माझी नजर शाळेमागच्या ओढ्यावर पडली. तो ओढा खाडीला मिळतो. त्यात कुणाच्या तरी अंगणातलं केळीचं पान पडलं होतं, आणि ते पान खाडीकडून गावाकडे चाललं होतं. पाणी उलटं चढत होतं. काठावरचं गवत निम्मं बुडालं होतं.

भर दुपारी बाराला एवढी भरती फक्त अवसेला आणि पुनवेला येते. हे आमच्याकडच्या तान्ह्या पोरालाही कळतं. शाळेच्या भिंतीवरही आमचंच कॅलेंडर होतं. मी जवळ जाऊन लाल आकड्याखाली बघितलं. अमावास्या. ती अक्षरं मी स्वतः जुळवली होती, एकेक खिळा उचलून.

मी मास्तरांकडे जाऊन सांगितलं, सभा पुढं ढकला. आज उधाण आहे, घरटी एक माणूस बांधावर आहे, एकही येऊ शकत नाही. त्यांनी ते जसंच्या तसं सभेला सांगितलं आणि विचारलं, काय करायचं? रोह्याचा तो कामगार उभा राहिला. "तारीख कुणी ठरवली होती?"

"मी," मी म्हटलं.

तो खाली बसला. शिक्षिका मात्र बोलल्या. आवाज कठोर नव्हता, पण काटेकोर होता. "मुली, आम्ही तुझ्या शब्दावर आलो. यांना दोनला कामावर जायचंय. ही माणसं मी दुसऱ्यांदा गोळा करू शकेन असं मला वाटत नाही. आणि आज त्यांना सोडून ठरवणं बरोबर नसेल, तर उद्या आम्हाला सोडून ठरवणंही बरोबर नाही."

त्या खरं बोलत होत्या, म्हणून मला त्यांच्यावर ओरडताही येईना. हात वर झाले. विकायच्या बाजूनं जे हात होते त्यात रोह्याचे निम्मे होते, कारण पूर्ण पान म्हणजे पूर्ण पान. शिक्षिकेचा हात शेवटपर्यंत मंडळाच्या बाजूनं वर होता. सात हात कमी पडले. सात. आमच्या गावाचं नुसतं एक टोक आलं असतं तरी झालं असतं.

मी कुणाशी न बोलता निघाले. मिळेल त्या गाडीनं फाट्यापर्यंत आणि तिथून बांधावरून चालत. लाज वाटत होती आणि रागही येत होता, आणि दोन्ही एकाच माणसाचे, म्हणजे माझेच, त्यामुळे कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. तीनच्या सुमाराला पोचले. पाणी उतरायला लागलं होतं. उघाडीपाशी, म्हणजे बांधातलं पावसाचं पाणी बाहेर सोडायच्या दारापाशी, खांड पडली होती आणि सगळं गाव तिथं होतं. माणसांची साखळी लागली होती. चिखलाची ढेकळं या हातातून त्या हातात जात होती. मी साडी खोचली आणि शेजारच्या काकींच्या पुढं जागा होती तिथं शिरले. कुणी काही विचारलं नाही, फक्त ढेकूळ हातात दिलं. मी बाबांना शोधलं. ते माझ्यापासून तिसरे होते, कमरेपर्यंत चिखलात.

बराच वेळ मी ढेकळं देत राहिले. मग बाबा म्हणाले, "सभा झाली?"

"झाली."

"काय ठरला?"

"विकायचं ठरलं."

त्यांनी मान हलवली आणि पुढचं ढेकूळ घेतलं. मला ते सहन होईना. "बाबा, नोटीस आली होती ना इथं? वाचली ना? मग एखाद्याला तरी पाठवायचं होतं, सांगायला, की आज अवस आहे."

"आली व्हती," काकी मागून म्हणाल्या. "दोनदा वाचून घेतली आमी. घरटी एक मानूस. आमची सगली हसली, बोलली, पोरीनी आपली रीत पेपरात घातली."

"मग?"

बाबांनी हातातलं ढेकूळ बांधावर ठेवलं, तळव्यानं थापलं आणि मग माझ्याकडे बघितलं. "दिवस तूच ठरवलास ना गो? तुला तिथी ठाव हाय. आमाला वाटला, आवसेचा दिवस घेतलाय म्हंजे आमची गरज नसंल. शिकलेल्या मानसांची सभा आसंल. तुला अडचन नको म्हनून कोन बोलला नाय."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मी भांडले असते. तीन आठवडे मी रोह्याच्या अनोळखी माणसांच्या दारात उभी राहिले, त्यांच्या शिफ्टचा तास न् तास सांभाळला. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्यांनी समजून घेतलं की मला ते नको आहेत. मला रडू आलं. चिखलाच्या हातानं डोळे पुसता येईनात, तेव्हा काकींनी त्यांच्या पदराची कोरडी बाजू पुढं केली आणि परत ढेकूळ दिलं.

नव्या मालकानं शब्द पाळला. नवं मशीन आलं, रोह्याला पान मिळालं, माझी नोकरी राहिली. "बांधाची खबर" आधी अर्धी झाली, मग "जागा असेल तेव्हा" अशी झाली. दिवाळीच्या आधी त्याच्या नव्या जमिनीला लागून असलेल्या बांधाला खांड पडली. मी लिहून दिली. तो हसून म्हणाला, "पुढच्या अंकात बघू." त्या अंकात नाही, त्याच्या पुढच्यातही नाही. जीप आली नाही. मी खिळ्यांची पेटी बंद केली आणि घरी निघून आले. मास्तरांना भेटायला गेले तेव्हा ते म्हणाले, "चूक तुझी एकटीची नाही. मीही कॅलेंडर बघितलं नाही." त्यांना कॅलेंडर दिसतच नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

घरी बसून महिनाभर मी आईचं डोकं खाल्लं. मग एक दिवस बाबांनी पडक्या मिठागराच्या झोपडीचं दार खांद्यावर घालून आणलं, त्याला काळा रंग फासला आणि फाट्यावर, एस.टी. थांबते तिथं, दोन खांब पुरून फळा म्हणून उभं केलं. चारही गावांचे लोक त्या फाट्यावरूनच पेणेला जायचे, आणि साहेबाची जीपही तिथूनच वळायची. फळ्यावर काय लिहायचं, कुणी लिहायचं आणि चुकीचं लिहिलं तर कुणी पुसायचं, हे ठरवायला ओट्यावर सभा घ्यायची होती. दिवस मी ठरवणार नाही, असं मी आधीच सांगून टाकलं होतं. गावानं दशमी ठरवली. त्या दिवसांत भांग असतो, म्हणजे भरती कमी चढते, पाणी मवाळ असतं, बांधाला माणूस लागत नाही. साठही घरांतून एकेक माणूस आला. दोन तास भांडले. लिहायचं काम माझ्याकडेच आलं. मी नको म्हटलं, तर काकी म्हणाल्या, "चुकलीस तवा पन आलीसच ना बांदावर?" आणि तो विषय तिथंच संपला.

पहिल्या सकाळी मी खडू घेऊन फळ्यासमोर उभी राहिले. मागं बाबा, आणखी दहा-बारा माणसं, आणि बसची वाट बघणारी शेजारच्या गावची दोघं. खाडीच्या मुखाकडचं पहिलं गाव, मग दुसरं, बांध चालतो तसं मी मनात जुळवून ठेवलं होतं. मी वरच्या कोपऱ्यात खडू टेकवला.

"थांब गो," बाबा म्हणाले. त्यांना वाचता येत नव्हतं, पण खडू कुठं टेकलाय ते दिसत होतं. "त्या जाग्यावर आधी फुडची आवस कवा हाय ती लिव. मंग बाकीचा."

मी पुढची अवस कधी ते लिहिलं. मोठ्या अक्षरात, आणि खाली रेघ मारली.